आज काय चिरलं?

"काका, चाकू वसईत पोचला. मूठ माझ्याही हातात बसत नाही. अभिनंदन!"

हा मेसेज खटावकरांच्या फोनवर आला तेव्हा त्यांच्या तेराव्याची पंगत बसली होती. मी फोन उचलला, वाचला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाठवणाऱ्या ऑगस्टीनला खटावकर गेल्याचं ठाऊक नव्हतं, हे मान्य. पण ज्याचा चाकू वापरायला घेतला त्यालाच मूठ वाईट आहे म्हणून कळवायचं आणि वर अभिनंदन करायचं, ही कुठली रीत?

"कोणाचा आहे गं?" माझ्या मुलीने, शर्वरीने, विचारलं.

"त्यांच्या चाकूवाल्यांचा."

"मी त्या ग्रुपवर बाबांचं टाकते. त्यांना कळायला हवं ना."

"काही टाकायचं नाही. तू जिलबी वाढ."

खटावकर म्हणजे माझा नवरा. मी कराडच्या शाळेत गणित शिकवायचे, ते साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. माणसांना आडनावाने हाक मारायची माझी शाळेतली सवय घरीही सुटली नाही, आणि त्यांनीही कधी तक्रार केली नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, शेअर बाजाराला लागतात. हे चाकूला लागले. 'पातं आणि मूठ' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप. महाराष्ट्रभरचे पाच-पन्नास बाप्ये दिवसभर त्यावर बडबडत असत. कार्बन पोलाद बरं की स्टेनलेस, दगडावर तेल घ्यावं की पाणी, पातं किती तिरकं धरून घासावं. ह्यातल्या निम्म्यांनी लग्नानंतर घरात लिंबूसुद्धा कापलं नसेल, अशी माझी खात्री होती. धार तपासायची ह्यांची पद्धत म्हणजे डाव्या हातावरचे केस भादरून बघायचे. वर्षातून एकदा ही मंडळी कोल्हापुरात जमत. त्याचा फोटो आला की सगळ्यांच्या डाव्या हातावर टक्कल. "ही त्वचारोग्यांची परिषद आहे का हो?" असं मी खटावकरांना विचारायचे. ते नुसते हसायचे.

एवढं मात्र म्हणेन की तलवारीचे नाही तर कोयत्याचे फोटो टाकून मिशा पिळणाऱ्याला त्या ग्रुपातून लगेच हाकलत असत. ग्रुपचे चालक डॉक्टर उपाध्ये, बार्शीला दात काढतात. रोज सकाळी ते एकच प्रश्न टाकत: 'आज काय चिरलं?' मग लोक भाज्यांचे फोटो टाकत. फोटोशिवाय उत्तर धरलं जात नसे. एवढे घोडे झालेले लोक चिरलेल्या गवारीचे फोटो काढतात, आणि बाकीचे त्याला 'वा, काय एकसारखी!' म्हणतात. मी खटावकरांचा फोन उचलून हे सगळं मोठ्याने वाचून दाखवायचे, वर्गात नापासांची उत्तरं वाचायचे त्या आवाजात.

शेवटच्या वर्षी खटावकरांनी स्वतः चाकू करायला घेतला. लाकडाच्या वखारीतून करवतीचं जुनं पातं आणलं आणि गच्चीवर महिनेच्या महिने घासत बसले. मुठीला बाभळीचं लाकूड. मध्येच एकदा मी पोळ्या करत असताना आले, परातीतला कणकेचा गोळा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आवळ."

"कशाला?"

"आवळ तर."

आवळला. तो बोटं उमटलेला गोळा त्यांनी गच्चीवर नेऊन वाळत टाकला. कारखान्यातल्या वाफांचा उशिराने परिणाम दिसतोय, असं मी शेजारी सांगून आले.

बरं, एवढा खपून चाकू केला, तो घरात वापरायचा की नाही? नाही. ह्यांच्यात 'फिरती' असते. नवा चाकू झाला की तो ग्रुपातल्या एकाला कुरिअरने पाठवायचा. त्याने आठवडाभर आपल्या स्वयंपाकघरात वापरायचा, खरं काय ते लिहायचं आणि पुढच्याला पाठवायचा. अशा तिघांकडून फिरून तो मालकाकडे येणार.

"कोण कुठली माणसं," मी म्हटलं. "परत आला म्हणजे मिळवली."

"येईल," खटावकर म्हणाले.

चाकू पहिल्यांदा बार्शीला गेला. डॉक्टरांनी लिहिलं, 'धार उत्तम. मूठ मात्र हातात बसत नाही, अंगठ्यापाशी भलताच खड्डा आहे.' खटावकरांनी उत्तर दिलं, 'मग बरोबर आहे.' हा असा माणूस. कोणी नावं ठेवली तरी बरोबर आहे म्हणणारा. त्याच आठवड्यात सकाळी, चहाचा कप हातात असतानाच, ते गेले. अंगावर चादर घालताना मला दिसलं की त्यांच्या डाव्या हातावरचे केस पुन्हा उगवायला लागले होते.

तर तेराव्याची पंगत उठली. धाकट्या दिरांनी 'दादाची आठवण' म्हणून त्यांचं मनगटी घड्याळ उचललं. नणंदेच्या यजमानांनी कॅमेरा नेला, का तर वापरला नाही की भिंगाला बुरशी धरते. दोघांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे झाली परवानगी. रक्ताच्या माणसांची ही तऱ्हा, मग मालक मेला हे कळल्यावर तो वसईचा ऑगस्टीन चाकू कशाला परत करतोय? खटावकरांनी स्वतःच्या हाताने केलेली तेवढी एकच वस्तू होती आणि ती मला हवी होती. शिवाय त्या ग्रुपवरची हात जोडलेली चित्रं आणि हलणारी फुलं मला नको होती. दोन आठवडे माझ्या फोनवर मी तेच बघत होते.

शर्वरी ठाण्याला परत गेली त्या संध्याकाळी मी खटावकरांच्या फोनवरून, खटावकर होऊन, लिहिलं: 'माझा चाकू ताबडतोब परत पाठवा.'

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. एरवी ह्यांची तोंडं मिटत नाहीत. मग डॉक्टर उपाध्ये उगवले.

'काका, फिरती पुरी व्हायची आहे. वसईहून मिरजेला युनूसकडे जाईल, मग घरी. तुम्हीच घालून दिलेला नियम.'

'नियम राहू दे.'

'बरेच दिवस सकाळच्या प्रश्नाला तुमचं उत्तर नाही. आज काय चिरलं?'

'काही नाही.'

'मग जेवलात काय?'

हा काय चांभारचौकशीचा प्रकार! पण खोटं सुचायला वेळ लागतो. मी खरं ते लिहिलं: 'चहा-खारी.'

'चाकूवाल्या माणसाने चहा-खारी? ग्रुपची अब्रू गेली. उद्या फोटो पाहिजे.'

त्यांना संशय येऊ द्यायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यापासून पहिल्यांदा मी मंडईत गेले आणि मेथीची जुडी आणली. आता माझ्या हातांना संधिवात. उजवा अंगठा आत वळत नाही. विळीवर बसणं गुडघ्यांनी कधीच बंद केलं होतं, आणि चाकू कुठलाही घ्या, दोन मिनिटांत हातातून निसटणार. आमच्या घरात म्हणूनच चिरायचं काम खटावकरांचं आणि फोडणी माझी. त्यांचा रोजचा जुना चाकू काढला आणि ती मेथी कशीबशी तोडली. फोटो टाकला.

'काका, मेथीवर कसला राग काढलात?' ऑगस्टीनने विचारलं.

निर्लज्ज. पण आता एवढी चिरलेली मेथी टाकून कोण देणार? मी भाजी केली. भाजी झाली म्हणून भाकरी टाकली, आणि भाकरी झाली म्हणून खाल्ली.

मग हे रोजचंच होऊन बसलं. भेंडी, घेवडा, कोबी, पडवळ. सकाळी मेसेज वाजला की मी शिव्या देत पिशवी उचलायचे. ह्यांच्या मागण्या तर काय विचारू नका. 'काका, एकट्या माणसाला वांगं परवडतं, भरीत करा.' 'काका, काकडी कोचवून दाखवा.' 'काका, दुपारचं जेवण झालं का?' चाकूंचा ग्रुप की खानावळ, तेच कळेना. कोणी फोन केला तर मी उचलत नसे, 'घसा बसलाय' एवढं लिहायचे. त्यावर ज्येष्ठमधापासून गरम पाण्यापर्यंत सगळे उपाय आले, आणि त्यांतल्या एकाने तर 'बोलू नका, नुसतं चिरत राहा' असा सल्ला दिला.

एकदा डॉक्टरांनी विचारलं, 'जुना चाकू कसा आहे?'

'रोज घासून, धुवून निथळत ठेवते,' असं लिहिणार होते, शेवटचा 'ते' वेळेवर 'तो' केला. तरी दोघांनी कपाळावर हात मारलेली चित्रं टाकली. काय चुकलं ते मला समजेना. मग ऑगस्टीनने हळूच लिहिलं, 'काका, कार्बनचं पातं आहे. निथळत ठेवलं की गंजतं. लगेच पुसायचं आणि तेलाचं बोट फिरवायचं. तुम्हीच शिकवलंत आम्हाला.'

स्वयंपाकघरात जाऊन बघते तर खरंच, पात्यावर तांबूस ठिपके उमटलेले. इतकी वर्षं खटावकर जेवणाआधी उठून तो चाकू पुसायचे आणि मी त्यांना 'पान वाढलंय, तुमचं ते लाडकं बाळ नंतर पुसा' म्हणायचे. चिंच लावून ते डाग घासत बसले. सगळे गेले नाहीत.

शर्वरीचा रोज फोन असे. "आई, जेवतेस ना गं नीट?"

"जेवते. इलाज आहे का? त्या गाढवांना फोटो लागतो."

"अजून तू त्यांना सांगितलं नाहीस? आई, हे फार होतंय."

"चाकू हातात पडू दे. त्याच मिनिटाला ग्रुप सोडते आणि फोन बंद करून कपाटात टाकते."

पण चाकू काही हातात पडेना. मिरजेच्या ह्या युनूस मुजावराचं ताडपत्रीचं दुकान. चाकू त्याच्याकडे पोचला आणि तिथे त्याला मुळंच फुटली. आज काय, घरात कारली आणलीत, तेवढी चिरून होऊ देत. उद्या काय, मेहुण्याचं लग्न आहे. मग म्हणे, धार थोडी बघतो. मग म्हणे, कुरिअरवाला गावाला गेलाय. चाळीस वर्षं मी गृहपाठ न करणाऱ्या मुलांच्या सबबी ऐकल्या आहेत. थाप ओळखायला मला शिकवावं लागत नाही. हा माणूस चाकू ढापणार हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि बाकीचे त्याला सामील होते, कारण एकानेही त्याला 'अरे, काकांचा चाकू दे' म्हटलं नाही. घड्याळ गेलं, कॅमेरा गेला, आता हेही जाणार. त्या दिवशी दुधी आणला होता. तो तसाच ओट्यावर टाकला आणि लिहिलं:

'उद्यापर्यंत माझा चाकू आला नाही तर मी पोलिसांत तक्रार करणार आहे. सगळ्यांची नावं देईन.'

ह्या वेळी उत्तर लगेच आलं. युनूसचं. 'उद्या स्वतः घेऊन येतो काका.'

आता आली पंचाईत. येऊन तो काकांना भेटायला मागणार. दारातूनच चाकू घ्यायचा आणि वाटेला लावायचं, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात चाळिशीचा, जाडसर माणूस. अर्ध्या बाहीचा शर्ट, आणि डाव्या हातावर ते टक्कल. ओळख पटवायला आणखी काही नको होतं.

"खटावकर घरी नाहीत," मी म्हटलं. "चाकू माझ्याकडे द्या."

त्याने चपला काढल्या. "ठाऊक हाय, काकी," तो म्हणाला. "आत येऊ का?"

मी बाजूला झाले. तो आत आला, भिंतीवरच्या खटावकरांच्या फोटोसमोर उभा राहिला आणि मग खुर्चीच्या कडेवर बसला.

"कधीपासून ठाऊक आहे?" मी विचारलं.

"तुमच्या पहिल्या मेसेजपासनं."

"शक्यच नाही. मी व्यवस्थित लिहिलं होतं."

"व्यवस्थितच होतं की. पण तुम्ही लिवलं, माझा चाकू. काकांनी त्या चाकूला कधी माझा म्हटलंच न्हाई. डॉक्टरांना शंका आली, त्यांनी कराडातल्या एका दोस्ताला इचारलं. मग कळलं. आणि काकी, फोटोत तुमची बांगडी दिसायची. रोज."

"मग तोंड शिवलं होतं का सगळ्यांचं? सांगितलं का नाही?"

"तुम्हाला सांगायचं नव्हतं, मग आम्ही कोण सांगणार?"

"आणि चाकू का दाबून ठेवलात? मेहुण्याचं लग्न म्हणे! मेहुणा तरी आहे का?"

"मेहुणा हाय. लग्न मागंच झालं त्याचं." तो ओशाळून हसला. "चाकू दिला असता तर तुम्ही त्याच दिवशी ग्रुप सोडला असता. खरं का खोटं? मग परत चहा-खारी. डॉक्टर म्हणले, आठवड्याची फिरती लांबवा, बाई जरा जेवाय लागल्यात, अंगात ताकद येऊ द्या. ऑगस्टीननंबी कुरिअर मुद्दाम उशिरा केलं. मला तर रोज शिव्या बसायच्या, तुमच्या."

"म्हणजे तुम्ही पाच-पन्नास जणांनी मिळून एका म्हाताऱ्या बाईला बनवलंत."

"सुरुवात कुणी केली, काकी?"

असा उद्धटपणा वर्गात केला असता तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

त्याने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला चाकू काढला आणि टेबलावर ठेवला. हातात दिला नाही. धारेची वस्तू हातातून हातात देऊ नये, भांडण होतं, हे खटावकरही पाळायचे. ते ठेवायचे आणि मग मी उचलायचे.

"माझा म्हणायचे नाहीत, मग काय म्हणायचे?" मी विचारलं.

"हिचा चाकू." युनूस माझ्याकडे न बघता म्हणाला. "फोनवर बोलताना कायम हिचा चाकू. ग्रुपवर त्यो कुणासाठी हाय ते लिवायची आम्हाला बंदी होती, तुम्ही मेसेज वाचून दाखवता म्हणून. म्हणायचे, धारेचं बोला, मुठीबद्दल बोलायचं असंल तर एवढंच सांगा की तुमच्या हातात बसती का. बसली तर माझं चुकलं."

मी फडकं सोडलं आणि चाकू उचलला. अंगठ्यापाशी तो खड्डा होता. भलताच खड्डा. माझा न वळणारा अंगठा त्यात जाऊन बसला आणि बाकीची बोटं एकेक करून आपापल्या जागी गेली. जोर लावायला लागलाच नाही. कणकेचा गोळा आवळला होता तेव्हा त्यावर बोटं जशी उमटली होती, तशीच ती मूठ होती.

डॉक्टर म्हणाले होते, बसत नाही. ऑगस्टीन म्हणाला होता, माझ्याही हातात बसत नाही, अभिनंदन. आणि खटावकर म्हणाले होते, मग बरोबर आहे.

मला त्यांचा भयंकर राग आला. सांगायला काय झालं होतं? एक वाक्य बोलायचं होतं. मी हसले असते, एवढंच ना? हसले असते आणि वापरला असता, त्यांच्यासमोर वापरला असता. मी युनूसकडे पाठ करून ओट्यापाशी गेले. समोर होतं ते ओढलं आणि चिरायला लागले. चाकू हातातून हलला नाही. पातं आपलं आपण खाली जात होतं. मला पाटावरचं काही नीट दिसत नव्हतं, तरी हात थांबला नाही.

बऱ्याच वेळाने मागून युनूसचा आवाज आला. "काकी, पाणी देऊ का?"

"काही नको. कांदा झोंबतोय."

त्याने पाटाकडे वाकून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "काकी, त्यो दुधी हाय."

"मला दिसतंय," मी म्हटलं. "जेवल्याशिवाय जायचं नाही. ताटं घ्या, त्या फळीवर आहेत."

तो जेवला. भाजीत मीठ कमी होतं हेही सांगितलं त्याने. खरं काय ते सांगायचं, ही ह्या लोकांची खोडच आहे. जाताना मिरजेचा पत्ता देऊन गेला आणि बायकोने घेऊन यायला सांगितलंय म्हणाला.

ह्याला आता काही वर्षं झाली. मी अजून त्या ग्रुपवर आहे. तिथे अजूनही तीच बडबड चालते, कार्बन आणि स्टेनलेस, तेल आणि पाणी, आणि त्यांतले निम्मे अजूनही मूर्ख आहेत असं माझं मत आहे. ते मी त्यांना कळवत असते.

पण त्या पहिल्या सकाळचं सांगायचं राहिलं. युनूस येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा मेसेज आला. नेहमीचाच, फक्त पुढे एक शब्द जास्त होता: 'आज काय चिरलं, काकू?'

फिरती शेवटच्या माणसापर्यंत आली की त्याने खरं काय ते लिहायचं असतं. मी फोटो काढला, बांगडीसकट, आणि खाली लिहिलं:

'दोडका. धार ठीक. मूठ हातात बसते. तुम्हाला कोणाला बसली नाही, त्याबद्दल आभार. चाकू पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवला आहे. निथळत ठेवलेला नाही.'